विज्ञानाचे शेजारी

"तुमचा विज्ञानावर विश्वास आहे का?" या प्रश्नाला शेलारात 'नाही' असं उत्तर देणारा माणूस मिळणं कठीण. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं हे गाव. कारभार ग्रामपंचायतीचा, पण 2011 च्या जनगणनेनं त्याची नोंद शहरी वस्तीत केलेली. यंत्रमागांचे कारखाने, सायझिंग, डाईंग, त्यांच्या मधून वाढलेल्या चाळी, आणि या सगळ्याच्या आधीपासून असलेलं मूळ गाव. इथला पोरगा मोबाइलवरचा नकाशा बघत टेम्पो चालवतो, आजी रक्तदाबाची गोळी चुकवत नाही, आणि चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळचा अभिमान इथल्या चाळींतही कमी नव्हता. त्याच चाळीत जाऊन "बाळाला नवव्या महिन्याचं इंजेक्शन दिलं का?" असं विचारा. उत्तर लगेच येत नाही. कुणी सासूकडे बघतं, कुणी "गावाला गेल्यावर देऊ" म्हणतं, कुणी नुसतंच हसून बाळाला कडेवर घेतं.

या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे, त्याच्याविषयी हा लेखसंग्रह आहे. समाजाचा विज्ञानावर किती विश्वास आहे आणि न्यायालय, पोलीस, सरकार, वृत्तपत्रं, धर्मसंस्था यांच्या तुलनेत तो कुठं बसतो, हा प्रश्न जगभर विचारला जातो. त्याची उत्तरं टक्क्यांत येतात, तक्ते छापले जातात, आणि आपण समाधानानं किंवा काळजीनं ते वाचतो. ते तक्ते खोटे नाहीत. पण ते ज्या विश्वासाची मोजणी करतात तो, आणि नऊ महिन्यांचं बाळ परक्या बाईच्या हातात देताना लागतो तो, हे दोन वेगळे विश्वास आहेत असं मला अनेक वर्षं वाटत आलं आहे. ही प्रस्तावना त्यासाठीच लिहितो आहे.

आधी तक्त्यांकडे बघू. अमेरिकेत 'जनरल सोशल सर्व्हे' 1973 पासून लोकांना विचारत आला आहे की, अमुक संस्था चालवणाऱ्यांवर तुमचा भरवसा किती. तिथली काँग्रेस आणि वृत्तपत्रं यांचे आकडे या काळात घसरत गेले. शास्त्रज्ञांवर मात्र 'भरपूर' भरवसा असल्याचं सांगणारे दशकानुदशकं चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिले. करोनानं या स्थैर्याला धक्का दिला. 'प्यू' या संशोधन संस्थेच्या पाहणीत शास्त्रज्ञांवर बऱ्यापैकी किंवा भरपूर विश्वास असणारे अमेरिकी लोक एप्रिल 2020 मध्ये 87 टक्के होते, ऑक्टोबर 2023 मध्ये ते 73 टक्क्यांवर आले. जानेवारी 2025 मध्ये 'नेचर ह्युमन बिहेवियर' या नियतकालिकात 68 देशांतल्या 71,922 लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. शास्त्रज्ञांवरच्या विश्वासात इजिप्त पहिला आणि भारत दुसरा. ही पाहणी बहुतेक देशांत ऑनलाइन झाली, म्हणजे बारा तासांची पाळी करून झोपलेल्या मागवाल्यापर्यंत तो प्रश्न पोचलेला नसणार, हे लक्षात ठेवूनही हा क्रमांक मोठा आहे. आपल्याकडच्या संस्थांविषयी 'लोकनीती–सीएसडीएस'च्या पाहण्यांत वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: सैन्य सगळ्यांत वर, सर्वोच्च न्यायालय त्याच्या खालोखाल, आणि पोलीस व राजकीय पक्ष तळाशी.

ज्यांच्याशी आपला रोज संबंध येत नाही, त्या संस्था वर आहेत. शेलारातल्या कुणालाही दाखल्यासाठी सैन्याकडे जावं लागत नाही. पोलीस चौकीत मात्र जावं लागतं, आणि तिथं किती वेळ बाकावर बसवलं हे माणूस विसरत नाही. विज्ञानही आपल्याला असंच लांबून दिसतं: प्रयोगशाळेत, अवकाशात, पाठ्यपुस्तकात. म्हणून त्याच्याविषयी आदर आहे. अंतर हे एकच कारण मात्र नाही. ग्रामपंचायत अगदी जवळ असूनही लोक तिच्याविषयी पक्षांपेक्षा बरं बोलतात. रात्री दहा वाजता सरपंचाच्या घरी जाऊन "पाणी का नाही आलं?" असं विचारता येतं, हे त्यामागचं मोठं कारण असावं.

विज्ञान आपल्या दारात एकटं कधीच येत नाही. ते घरोघर फिरणाऱ्या आशाताईंबरोबर येतं, तलाठ्याच्या पंचनाम्यातून येतं, टीव्हीवरच्या मंत्र्याच्या तोंडून येतं, कधी पोलिसांच्या काठीबरोबर येतं. दार उघडणारा माणूस सोबत कोण आहे ते आधी बघतो. विज्ञानाला मिळणारा विश्वास बहुतेक वेळा या शेजाऱ्यांचा असतो, आणि अविश्वासही त्यांचाच.

महाराष्ट्राला हे 1896–97 मध्ये फार मोठी किंमत मोजून कळलं. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथं नेलेला माणूस परत येत नाही असं त्यांना दिसत होतं. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सैनिक घरात घुसू लागले, बायाबापड्यांची तपासणी होऊ लागली, सामान जाळलं जाऊ लागलं. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपण स्वातंत्र्यलढ्याचा म्हणून शिकतो आणि तो तसा आहेच. पण विज्ञानाच्या बाजूनंही तो वाचायला हवा. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता, तरी तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे सिमाँ यांनी कराचीत 1898 मध्ये दाखवलं, आणि त्यावर शिक्कामोर्तब व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे 1897 मध्ये घरं धुऊन काढणाऱ्या आणि बिछाने जाळणाऱ्या यंत्रणेला रोग कसा पसरतो हेच पुरतं ठाऊक नव्हतं. लोकांचा संशय अडाणीपणाचा होता असं म्हणणाऱ्यांनी हे साल एकदा तपासून बघावं.

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होते. तिथं सैनिकांनी ओढून आणावं लागत नव्हतं. मुंढव्याचं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी स्वतः दवाखान्यात आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. रोग एकच आणि औषधाचं बळही दोन्हीकडे सारखंच अपुरं होतं. माणसं मात्र एकीकडून पळत होती आणि दुसरीकडे येत होती.

मुंबईत याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक पुढे येईनात. मग इस्माइली धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली, आणि 1898 मध्ये आपली 'खुशरू लॉज' ही इमारतही हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिली. धर्मगुरूचा शब्द विज्ञानाच्या कामी आला. नोव्हेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांनी मुस्लीम वस्त्यांत करोना लस घेण्यासाठी सलमान खानची मदत घेऊ असं म्हटलं, तेव्हा बऱ्याच जणांना ते हास्यास्पद वाटलं. मला नाही वाटलं. आगाखान आणि हाफकिन यांच्यापासून चालत आलेली ही वहिवाट आहे.

उसन्या विश्वासाची परीक्षा चूक झाल्यावर होते. 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात हाफकिनची लस 107 जणांना टोचली गेली. त्यांतले 19 जण धनुर्वातानं मेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. चौकशी समितीनं दोष प्रयोगशाळेला दिला आणि हाफकिन निलंबित झाले. पुढे उघड झालं की, गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. शास्त्रज्ञाला न्याय मिळायला पाच वर्षं लागली. त्या एकोणीस घरांकडे जाऊन हे सगळं कुणी समजावून सांगितलं असेल का, हा प्रश्न मला अजून छळतो.

31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी गावात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांच्या तोंडात हँड सॅनिटायझर गेलं. मुलं वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, बातमी चार दिवसांत मागे पडली. पण हजार किलोमीटरवरच्या आईनंही ती व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली, आणि पुढच्या खेपेला तिनं बाळ घट्ट धरलं तर तिला अंधश्रद्ध म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्या शंकेला उत्तर देता येतं, आणि ते बाटलीवरच चिकटवलेलं असतं. लसीच्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत एक चौकोन. लस थंड राहिली असेल तर चौकोन फिका दिसतो. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो, आणि बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली फेकून द्यायची. हे समजायला अक्षरओळख लागत नाही. निळ्या डब्यातली बाटली काढून नर्सताईंनी ती आईच्या डोळ्यांसमोर धरली, "बघा भाभी, आतला चौकोन पांढरा आहे ना? म्हणजे दवाई चांगली आहे" असं म्हटलं, की आई वाकून बघते, शेजारणीला दाखवते. गोवरची लस पाण्यात मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, म्हणून बाटलीवर वेळ लिहितात. ती वेळही दाखवता येते. विज्ञानानं स्वतःला तपासायची सोय आईच्या हातात दिली, असे प्रसंग फार थोडे असतात. हा त्यातला एक.

नवव्या महिन्याचं ते इंजेक्शन गोवरचंच, आणि गोवरची गोष्ट भिवंडीला विशेष लागू आहे. एक गोवरचा रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. त्याला थोपवायचं तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. करोनाच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण विस्कळीत झालं आणि 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथं गोवर उसळला. केंद्राची पथकं आली. साथीच्या भागांत मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं, काही ठिकाणी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही. त्या आठवड्यांत बहुतेक चर्चा 'मुस्लीम समाजातला लसविरोध' या एका शब्दप्रयोगाभोवती फिरली. थोडा विरोध होता, अफवाही होत्या. पण यंत्रमागाच्या वस्तीत बसून ऐकलं तर पहिली अडचण वेगळीच निघते: लसीनंतर येणारा ताप. नवरा बारा तासांच्या पाळीवर, मजुरी कापडाच्या मीटरवर, खोली दहा बाय दहाची आणि तिच्यात दुसऱ्या पाळीची माणसं झोपलेली. बाळ रात्रभर रडलं तर कुणाची झोप जाणार आणि उद्याचे मीटर कोण भरणार, हा हिशेब ती आई मनात करत असते. तिला गोवरापेक्षा उद्याची मजुरी जवळची दिसते. तिथं विज्ञानाला उत्तर द्यायचं असेल तर ते तापाच्या औषधाचं, बरोबर वेळेचं आणि "ताप आला तर मला फोन करा" असं म्हणणाऱ्या माणसाचं असावं लागतं.

आणि ताबीज? ते बहुतेक बाळांच्या गळ्यात असतं, मराठी घरांत काळा दोरा असतो. गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत अंघोळ करणारा माणूस त्वचेच्या डॉक्टरकडेही जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचलं आणि ज्यासाठी 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला, ती शोषण करणारी, माणूस बुडवणारी अंधश्रद्धा आहे. तिच्याशी लढायलाच हवं. पण दवा आणि दुआ दोन्ही घेणाऱ्या आईला त्या रांगेत उभं करू नये. ती लसीच्या रांगेत उभी आहे.

आता पोलिसांकडे वळतो. विषय विज्ञानाचा असताना पोलीस कशाला, असं वाचकाला वाटेल, पण भिवंडीत विश्वासाविषयी बोलायचं तर ते टाळता येत नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी हे शहर होरपळलं. 1970 च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगानं पोलिसांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. अशा शहरात 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस शिपाई नियमित एकत्र बसू लागले. गटाराचं भांडण, भाडेकरूचं भांडण, नवराबायकोचं भांडण, सगळं तिथं येऊ लागलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. सर्वेक्षणांत तळाशी असलेल्या संस्थेनं, सर्वांत जास्त संशय असलेल्या गावात, चार-पाच वर्षांत विश्वास कमावला. दंगल नसताना बसण्याची जी सवय त्यांनी लावली, ती आरोग्य यंत्रणेला अजून लागलेली नाही. पथकं साथ आल्यावर येतात आणि साथीबरोबर जातात.

पोलिसांचा आणखी एक संदर्भ आहे, तो बीडचा. जुलै 2017 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. खात्यानं चांगल्या पावसाचा अंदाज दिला, त्यावर भिस्त ठेवून पेरलं आणि पेरणी वाया गेली, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी हवामान खात्याचा जूनमधला अंदाज देशासाठी सरासरीच्या 98 टक्के होता, चार टक्के इकडेतिकडे धरून. प्रत्यक्षात देशात 95 टक्के पाऊस झाला. खातं आपल्या हिशेबानं बरोबर होतं, आणि आनंदगावचं शेत कोरडं होतं. देशाची सरासरी कुणाच्याच शेतात पडत नाही, हे सांगायला त्या गावात कुणी गेलं नव्हतं. मला या घटनेतला पोलीस ठाण्याचा भाग सगळ्यांत बोलका वाटतो. ज्या संस्थेवर लोकांचा सगळ्यांत कमी विश्वास, तिच्याकडे जाऊन त्यांनी विज्ञानाच्या, आदराच्या संस्थेविरुद्ध गाऱ्हाणं मांडलं. ठाण्याला दार आहे, टेबल आहे, तक्रार लिहून घेणारा माणूस आहे. विज्ञानाकडे असं दार त्यांना दिसलं नाही. पुढे परभणीचे पंजाबराव डख हवामानाच्या अंदाजांसाठी गावोगाव इतके ओळखीचे झाले की 2024 ची लोकसभा निवडणूकही त्यांनी लढवली. त्यांचे अंदाज शास्त्रीय कसोटीवर किती उतरतात हा वेगळा प्रश्न आहे. पण शेतकऱ्याच्या बोलीत, शेतकऱ्याच्या जिल्ह्याचं नाव घेऊन कुणीतरी बोलतं आहे, ही जागा खात्यानं रिकामी सोडली होती.

शेलारच्या कडेनं कामवारी वाहते. डाईंगच्या सांडपाण्यानं तिचा रंग बदललेला लोक स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. पाण्याचे नमुने घेतले जातात, त्यांचे अहवाल होतात, पण ते आकड्यांच्या आणि लघुरूपांच्या भाषेत कुठल्यातरी फायलीत जातात. नदीकाठच्या बाईला विज्ञान तिच्या बाजूनं बोललेलं कधी ऐकू येत नाही. उद्या तेच विज्ञान "ही लस सुरक्षित आहे" असं सांगायला आलं, तर तिनं दोन्ही गोष्टींची सांगड घालू नये अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करणार?

हे सगळं वेगळ्या रीतीनं करता येतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या बायांना नवजात बाळाचं वजन करायला, ताप मोजायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'नं तो निबंध छापला. तिथलं रुग्णालय झोपड्यांच्या रचनेत बांधलं आहे आणि आदिवासींच्या इच्छेनं त्याला माँ दंतेश्वरीचं नाव आहे. देवीच्या नावाच्या दवाखान्यातून जगानं मान्य केलेलं संशोधन झालं, आणि त्यात विज्ञानाचं काहीही कमी झालं नाही. आकडे गावातल्या बायांनी गोळा केले होते, म्हणून गावाला ते परके वाटले नाहीत. देशभरातल्या आशांच्या नवजात बाळांच्या गृहभेटी याच कामातून आल्या.

या संग्रहातले लेख याच वाटेनं जातात. काही प्लेगच्या काळाकडे बघतात, काही हवामानाकडे, काही नदीकडे, आणि बरेचसे शेलारसारख्या गावांकडे, जिथं महापालिकेची हद्द एका गल्लीत संपते आणि जिल्हा परिषदेची पुढच्या गल्लीत सुरू होते. चार महिन्यांपूर्वी उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबाला आपलं बाळ कोणत्या यादीत आहे हे ठाऊक नसतं, आणि यादी करणाऱ्यांनाही कधी कधी नसतं. वाचताना एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी अशी विनंती आहे. या भागात विज्ञानाची सगळी पत ज्या बाईच्या शब्दावर अवलंबून आहे, ती आशाताई सरकारी कर्मचारी नाही. तिला पगार नाही, मानधन आहे. 2024 च्या फेब्रुवारीत मानधनवाढीसाठी राज्यभरातल्या आशा रस्त्यावर होत्या. शहापूरहून ठाण्यापर्यंत त्या पायी चालत गेल्या, आणि वाढीचा शासन निर्णय मार्चमध्ये निघाला. त्या रस्त्यावर होत्या, त्या आठवड्यांत शेलारातल्या किती बाळांचा नववा महिना भरला असेल, याची मोजदाद कुठल्याही विश्वासाच्या सर्वेक्षणात येत नाही. ती पुढच्या गोवराच्या आकड्यांत येते.